साडूंच्या नावचे गहू

आमच्या साडूंइतकी देवावर श्रद्धा असलेला माणूस उभ्या सुरत शहरात दुसरा नव्हता. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे, कारण डिंडोलीत ते ज्या सोसायटीत राहत तिथे सगळे त्यांना नास्तिक समजत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धुळ्याकडचं घराणं, तीन भाऊ, तिघेही कापडाच्या धंद्यात पोट भरायला सुरतेला आलेले. थोरले आणि धाकटे चारचौघांसारखे होते. म्हणजे दारावर गणपती, भिंतीवर सप्तशृंगी, खिशात साईबाबा आणि संकट आलं की जो जवळ असेल तो. मधल्यांनी, म्हणजे आमच्या साडूंनी, गावाकडे असताना ऐन विशीत महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. परमेश्वर एक, त्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्या कुणापुढे हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या कुणाचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, मांसमच्छी नाही, दारू नाही, भेटेल त्याला ‘दंडवत’ म्हणायचं. उपदेश पुष्कळांनी घेतलेला असतो. साडूंचा घोटाळा एवढाच होता की त्यांनी तो ऐकला होता.

मी स्वतः कुठलाच देव मानत नाही, त्यामुळे मला सगळ्यांना नमस्कार करता येतो. सत्यनारायण असो, माताजीची चौकी असो, शेठच्या दुकानातली लक्ष्मी असो, हात जोडायचे, शिरा खायचा आणि घरी यायचं. माझ्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. उलट ‘साहेब बँकेत असूनही किती भाविक’ असं लोक म्हणत. साडूंचं उलटं होतं. मी एकदा सहज विचारलं की तुम्ही बाकीचे देव नाहीतच असं मानता का, तर ते दचकले. म्हणाले, “आहेत ना. एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा देवता आहेत.” सगळा हिंदू समाज तेहतीस कोटींवर समाधानी असताना हा नास्तिक माणूस त्याच्या दुपटीहून जास्त मोजून बसला होता. त्यांचं म्हणणं एवढंच की या सगळ्या आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण सोडवणारा एकच, आणि ज्याचं मीठ खायचं त्याचीच चाकरी करायची. ऐकताना मला उगीच वाटून गेलं की आपण ज्यांना रोज नमस्कार करतो त्यांच्या अस्तित्वाची खात्री या माणसाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

सोसायटीचा गणपती बसे तेव्हा मंडप साडू बांधत. मिलमधून आणलेल्या वाया गेलेल्या साड्यांच्या झालरी ते अशा पाडत की बाप्पा एखाद्या निळ्या-जांभळ्या ढगात बसल्यासारखा दिसे. दहा दिवस बांबू, दोऱ्या, पाट, सतरंज्या सगळं तेच बघत. फक्त आरतीची घंटा वाजली की ते मागच्या बाजूला मेन स्विचपाशी जाऊन उभे राहत. देवापुढे उभं राहण्यात त्यांना अडचण होती, विजेपुढे नव्हती. एका वर्षी ऐन आरतीत दिवे गेले. अंधारात लोक आणखी मोठ्यानं गाऊ लागले आणि कडवं संपायच्या आत दिवे आले. मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की ही बाप्पाची कृपा. मी मागे गेलो तर साडू फ्यूजची उरलेली तार दातांत धरून उभे होते. मी अध्यक्षांचं वाक्य त्यांच्या कानावर घातलं. तार तोंडातून काढून ते म्हणाले, “असू द्या. तार मंडळाचीच होती.”

प्रसाद नाकारण्याची त्यांची पद्धतही पाहण्यासारखी होती. लोक नाही म्हणताना तोंड वाकडं करतात किंवा डायबेटिसचं कारण सांगतात. साडू दोन्ही हातांनी मोदक घेत, नीट न्याहाळत, करणारीच्या हाताचं मनापासून कौतुक करत आणि शेजारच्याला देत. खोटं कारण सांगायचं नाही हा त्यांचा दंडक होता. त्यामुळे लोक दुखावत, आणि पुन्हा मोदक घेऊन येत, कारण इतकं नीट न्याहाळणारं दुसरं कुणी नव्हतं. आमची मेहुणी मात्र एवढी कडक नव्हती. लग्नानंतर तिनंही उपदेश घेतला होता, पण गावाकडची बस वणीच्या वाटेजवळून गेली की ती पदर सारखा करायच्या निमित्तानं डोंगराच्या दिशेनं हात जोडून घ्यायची. साडू तेवढा वेळ डोळे मिटून झोपेत असत. त्यांना बसमध्ये कधीच झोप लागत नाही हे तिला ठाऊक होतं.

सुरत त्यांना आवडण्याचं कारण फार साधं होतं. इथला व्यापारी फोन उचलताच ‘जय श्री कृष्ण’ म्हणतो. श्रीकृष्ण हा साडूंच्या परमेश्वराचा अवतार. पोटासाठी आलेल्या गावात दुकानादुकानांतून आपल्याच देवाचं नाव ऐकू यावं, याचं त्यांना पहिल्या दिवसापासून अप्रूप वाटलं आणि ते कधी कमी झालं नाही. पर्वत पाटियाच्या एका दुकानदारानं असंच दोन्ही हात जोडून त्यांना लाल कापड दिलं आणि रंग जाणार नाही म्हणून सांगितलं. पहिल्या धुण्यात घरातले सगळे बनियन गुलाबी झाले. साडू जाब विचारायला गेले. दुकानदार पुन्हा ‘जय श्री कृष्ण’ म्हणाला आणि साडू त्याच ताग्यातलं आणखी कापड घेऊन आले. मेहुणीनं कपाळावर हात मारून घेतला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “नाव घेताना तो खोटं बोलत नव्हता. नाव घेऊन झाल्यावर बोलला.” पुढे कित्येक वर्षं हा कठोर विरागी माणूस शर्टाच्या आत फिकट गुलाबी रंगाचा असे.

कामाला ते साड्यांच्या मिलमध्ये होते, घडीखात्यात. छापून, धुऊन, वाळून आलेली साडी लांब टेबलावर पसरायची आणि घडी घालायची. दिवसभर हेच. मी एकदा त्यांना भेटायला तिथे गेलो होतो. बाहेर लूमचा खडखडाट समुद्रासारखा अखंड चाललेला, आत वाफेचा आणि ओल्या रंगाचा वास, छताच्या काचेतून येणारं धुरकट ऊन, आणि त्या उन्हात टेबलावरून सरकत जाणारं हिरवं, मग केशरी, मग मोरपिशी कापड. साडूंचे हात चालत होते आणि ओठ हलत होते. प्रत्येक घडीला एक नाम. मला दंडवत म्हणायलाही ते साडी पूर्ण होईपर्यंत थांबले. तेव्हापासून साड्यांचं दुकान दिसलं की माझ्या मनात एक भलताच विचार येतो. या देशात कुठे कुठे, कुठल्या लग्नात, कुठल्या हळदीकुंकवाला बाया साडी झटकून नेसत असतील आणि आमच्या साडूंची नामं घडीघडीतून जमिनीवर सांडत असतील. त्यांना कळतही नसेल. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण बायको नवी साडी उलगडते तेव्हा मी जरा बाजूला उभा राहतो.

शेठला हा माणूस फार आवडे. एकदा त्यानं साडूंना घडीखात्यातून उचलून दुकानाच्या गादीवर बसवायचं ठरवलं. बसून काम, पंख्याखाली काम, वर मान. सकाळी दुकान उघडून लक्ष्मीपुढे अगरबत्ती लावायची, एवढंच. साडू म्हणाले, दुकान मी उघडतो, झाडतो, अगरबत्ती दुसऱ्या कुणी लावावी. शेठ म्हणाला, “जेनी पासे चावी, एनी अगरबत्ती.” ज्याच्याकडे किल्ली, त्याची अगरबत्ती. साडूंनी किल्ली गादीवर ठेवली आणि टेबलावर जाऊन राहिलेली साडी पुरी केली. शेठ पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगे, “गांडो छे, पण चोखो छे.” वेडा आहे, पण स्वच्छ आहे. मेहुणीच्या मते यातलं पहिलं वाक्य पुरेसं होतं.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं. खानदेशातली माणसं जिथे जातात तिथे कानबाई घेऊन जातात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, नटवून, पाटावर बसवतात. सोमवारी वाजतगाजत पाण्यात पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट करतात. रोटाचे गहू घ्यायची रीत ठरलेली आहे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि राखीपौर्णिमेच्या आत पिठाचा कणही शिल्लक ठेवायचा नाही. कानबाई थोरल्या भावाच्या घरी बसे. त्यांना सगळे दादा म्हणत. मोठा आवाज, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठी तापट जीभ. दादांच्या घरी साडूंच्या नावाचे गहू दरवर्षी निघत, आणि साडू दरवर्षी तिथे जाऊन गिलक्यांची, म्हणजे घोसाळ्यांची, भजी तळू लागण्यापासून ताटं उचलण्यापर्यंत सगळं करून, रोटाला हात न लावता घरी येत. दादा दरवर्षी चिडत. याशिवाय दादांना दरवर्षी श्रावणात अपचनाचा मोठा त्रास होई. पौर्णिमा उलटली की ते माझ्याकडे येऊन पोट धरून बसत आणि सुरतेच्या पाण्याला शिव्या देत. मी त्यांना धुळ्याच्या एका वैद्याचं चूर्ण देत असे. पोळ्यापर्यंत बरं वाटे.

मग सुरतेत प्लेग आला. त्या सप्टेंबरात शहर कसं रिकामं झालं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. आम्ही तोंडाला रुमाल बांधून धुळ्याला पळालो. दादा सगळ्या घराला, साडूंच्या बायकोमुलीलासुद्धा, भुसावळकडच्या गाडीत कोंबून गावी घेऊन गेले. साडू गेले नाहीत. “गावचा देव वेगळा शे का?” एवढंच त्यांनी भावाला विचारलं. सोसायटीतल्या लोकांनी जाताना किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या, आणि देवापुढे दिवा लावत जा म्हणून सांगितलं. ज्याला वर्षानुवर्षं नास्तिक म्हटलं त्याच्याच हातात संकटकाळी सगळ्यांनी आपापले देव दिले, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. साडूंनी प्रत्येकाला तिथल्या तिथे सांगितलं की दिवा लावणार नाही, पण उंदीर लागू देणार नाही. लोक घाईत होते. त्यांनी अर्धंच ऐकलं.

त्या दिवसांबद्दल साडू क्वचित बोलत, आणि बोलत तेव्हा स्वप्न सांगावं तसे. लूम बंद पडल्यावर डिंडोलीत इतकी शांतता झाली की त्यांना नाम घेणं जड जाऊ लागलं. खडखडाटाच्या तालावर सवय झालेली. रस्त्यावर कुत्री मधोमध झोपायची. खाडीला जाणारं नाल्याचं पाणी, जे रोज मिलच्या रंगाप्रमाणे आज गुलाबी तर उद्या निळं असायचं, ते एका सकाळी नुसतं पाण्याच्या रंगाचं झालं आणि त्यात आकाश दिसलं. ते घरोघर जायचे, कुलूप काढायचे, देव्हाऱ्यातली धूळ पुसायचे, कोपरे तपासायचे, कुलूप लावायचे. हात कुठेच जोडले नाहीत. मी विचारलं, एकटं वाटलं नाही का. म्हणाले, “एकटा कुठे? एवढे सगळे होते.”

गाडीच्या त्या गर्दीत दादांनी मात्र कानबाईला नवस बोलला होता. घरचं एकही माणूस कमी न होता सगळ्यांना परत आणलंस, तर पुढच्या श्रावणात तिन्ही भाऊ एका पंगतीला बसून तुझा रोट खातील. कानबाईनं आपला शब्द पाळला. सगळे परतले आणि साडूही ठणठणीत होते. आता दादांचा शब्द राहिला होता, आणि तो त्यांनी साडूंच्या वतीनं देऊन ठेवला होता.

त्यातच वैशालीचं लग्न ठरू लागलं. वैशाली म्हणजे साडूंची एकुलती मुलगी. स्थळ बारडोलीचं, मुलगा तिथल्या साखर कारखान्यात, माणसं आपल्याच बाजूची. सगळं जुळलं आणि मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की मुलीचा बाप नास्तिक आहे. मुलाची आजी बिथरली. ज्या घरात देव नाही तिथली मुलगी नको म्हणाली, आणि त्या घरात तिचाच शब्द चाले. दादांनी निरोप पाठवला की ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, कानबाईच्या दिवशी सगळे या आणि माझा भाऊ पंगतीला बसून रोट खाताना डोळ्यांनी बघा. अशा रीतीनं दादांनी एकाच घासावर देवीचा नवसही लावला आणि पुतणीचं लग्नही. घास अर्थात दुसऱ्याचा होता.

मला मध्यस्थ म्हणून पाठवण्यात आलं. जाताना जिन्यात वैशालीनं गाठलं. ही मुलगी एरवी माझ्याशी खणखणीत मराठीत भांडायची, पण त्या दिवशी खाली बघून म्हणाली, “मावसा, तुम्ही सांगा ना पप्पांना. मने ए घर गमे छे.” डिंडोलीतल्या मुलांना लाजायचं असलं की ती गुजरातीत लाजतात. मला ते घर आवडलंय, हे ती मराठीत म्हणू शकली नसती. मी वर गेलो आणि साडूंपुढे मांडी घालून माझं सगळं वाचन कामाला लावलं. म्हटलं, गहू आहेत, गूळ आहे, तूप आहे. यात देव कुठून आला? एक घास खाल्ल्यानं तुमचा परमेश्वर रागावेल इतका तो लहान आहे का?

साडूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुम्हाला ते नुसते गहू आहेत, साडूभाऊ. म्हणून तुम्हाला जमतं. मला तसं वाटतं तर मी केव्हाच खाल्ले असते.”

“मग वैशालीचं काय?”

“तिच्यासाठी मी काहीही करीन,” ते म्हणाले. “फक्त खोटं जेवणार नाही.”

मी दादांना जाऊन सांगितलं की ते खात नाहीत. त्यांच्या वाटचा रोट मी खातो, मला काही अडचण नाही. दादांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. मी भाऊबंद नव्हतो. ज्याला खायची परवानगी होती तो खाणार नव्हता, आणि जो खायला तयार होता त्याला परवानगी नव्हती. धर्माचे पेच बहुतेक असेच असतात.

तो रविवार आला. दादांच्या खोलीत कानबाई नथ घालून बसली होती, समोर समया, अगरबत्तीचा धूर, आणि शेजारच्या गल्लीतून बायांच्या गाण्याचा आवाज लाटेसारखा येत-जात होता. पावसाळी दुपार, सगळ्यांचे चेहरे धुरातून जरा लांबचे दिसत होते. बारडोलीची माणसं भिंतीशी सतरंजीवर बसली होती. त्यांना आणि मला वेगळ्या पिठाचं जेवण होतं. मधोमध आजी, हातात काठी, डोळे साडूंवर. साडू सकाळपासून राबत होते. पाणी त्यांनीच भरलं होतं, तोरण त्यांनीच बांधलं होतं, गिलकी त्यांनीच चिरली होती. पंगत मांडली गेली. दादा बसले, धाकटा बसला, मुलं-पुतणे बसले. एक पाट रिकामा राहिला आणि साडू दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

दादा उठले. भरलेलं ताट स्वतःच्या हातानं घेऊन दारापर्यंत गेले. एवढा तापट माणूस, पण आवाज अगदी खाली आला होता. “पोरनाकरता खाय, भाऊ. एकच घास.”

साडूंनी नेहमीप्रमाणे ताट दोन्ही हातांत घेतलं, नीट न्याहाळलं. मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. वैशाली तिच्या मागे. साडूंनी लेकीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मला वाटलं, खाल्ला आता. मग त्यांनी मान हलवली. “दादा, तू सांगशी ते करसू. हाई नही.”

दादांच्या मिशा थरथरल्या. म्हणाले, मग आजपासून तुझी मूठ बंद; तुझ्या नावाचे गहू या घरात निघणार नाहीत. खानदेशी माणसाला वाटणीतून काढलं तर तो कोर्टात जातो. रोटातून काढलं तर त्याला जायला जागा नसते. साडूंचा चेहरा पांढरा झाला. प्लेगमध्ये एकटे राहिले तेव्हाही तो झाला नसेल.

तेव्हा मोठ्या वहिनी, दादांच्या पत्नी, हातातलं उलथनं न ठेवता बाहेर आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना नवऱ्यासमोर बोलताना ऐकलं नव्हतं. त्या साडूंना म्हणाल्या, “इतला वरीस तुना वाटाना रोट कोन खास? कानबाई का?” आणि उलथन्यानं नवऱ्याकडे दाखवून म्हणाल्या, “हाऊ खास. सोताना बी नि तुना बी.” हा खातो, स्वतःचेही आणि तुझेही. मग पुढचं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. भावाच्या नावचे गहू काढल्याशिवाय या माणसाचा जीव राहत नाही, आणि काढलेलं टाकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून पौर्णिमेपर्यंत रोज हा दोघांचं जेवतो, भाऊ जेवला म्हणून देवीला सांगतो, आणि मग पोळ्यापर्यंत पोट धरून बसतो.

दादा जमिनीकडे बघत होते. साडू ताट हातात घेऊन हळूहळू चालत पंगतीपर्यंत आले आणि रिकाम्या पाटावर, भावाच्या शेजारी बसले. ताट पुढ्यात ठेवलं, हात मांडीवर ठेवले. खाल्लं नाही. दादाही बसले. त्यांनी आपलं ताट संपवलं, आणि मग कुणाकडेही न बघता भावाचं ताट आपल्यापुढे ओढलं आणि तेही जेवू लागले. जे वर्षानुवर्षं चोरून चाललं होतं ते त्या दुपारी देवीसमोर झालं. दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बसले होते. एकाचं तोंड चालत होतं, दुसऱ्याचे ओठ हलत होते.

आजीनं काठी आपटली. सगळ्यांना वाटलं, उठली. तिनं साडूंना विचारलं, “तुले कानबाईनं भेव नही वाटत का रे?”

“वाटस, आजी. म्हनीसन तं खात नही,” साडू म्हणाले. “ताट तिनं लेसू नि याद दुसराले करसू. तिले समजाव नही का?” ताट तिचं घ्यायचं आणि आठवण दुसऱ्याची करायची, हे तिला कळणार नाही का, असं त्यांचं म्हणणं.

आजी विचारात पडली. तिनं पंगतीतल्या एकेकाकडे पाहिलं. धाकटा भाऊ तिसरा रोट मागत होता, एक पुतण्या भजी मोजून घेत होता. मग ती आपल्या मुलाकडे वळून म्हणाली, “हाऊ एकलाच तिले घाबरस. बाकीना नुसता खातस.” आणि तिनं वैशालीला पुढे बोलावून घेतलं.

लग्न मार्गशीर्षात झालं. गणेशपूजनाला आणि कन्यादानाला दादा बसले. मंडप साडूंनी बांधला; निळ्या-जांभळ्या झालरींचा. पूजा चालू असताना ते मेन स्विचपाशी होते आणि मुलीची पाठवणी होईपर्यंत वीज एकदाही गेली नाही. पाठवणीच्या वेळी वैशालीला ते सापडेनात, तेव्हा तिला मागच्या बाजूला पाठवावं लागलं. दोघं तिथे काय बोलली ते ठाऊक नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या साडीची घडी त्यांनी पुन्हा नीट बसवून दिलेली दिसत होती. मी नंतर विचारलं की शेवटी तुम्ही त्या पंगतीला बसलातच ना. म्हणाले, “कानबाईपुढे नाही बसलो. भावाशेजारी बसलो.”

दादा दोन वर्षांनी गेले, थंडीत, फार त्रास न होता. साडूंनी खांदा दिला, बाकीचं धाकट्यानं आणि मुलांनी केलं. पुढच्या श्रावणात दादांचा थोरला मुलगा सुनील सुपात गहू काढायला बसला तेव्हा मी तिथे होतो. बापाची मूठ वगळताना त्याचा हात थांबला. मोठ्या वहिनी शेजारी बसून नुसत्या बघत होत्या. मग त्यानं सव्वा मूठ गहू काढले आणि मधल्या काकांचं नाव घेतलं.

साडू आता घडीखात्यातून निवृत्त झाले आहेत. कानबाईच्या दिवशी अजून सकाळी येतात, पाणी भरतात, तोरण बांधतात, आणि पंगत बसली की ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसतात. आत दादांच्या शेजारचा पाट आता रिकामा नसतो, तो नसतोच. नाल्याचं पाणी गुलाबी किंवा हिरवं वाहत असतं, लूमचा आवाज लांबून येत असतो, आणि त्यांचे ओठ हलत असतात. मी शेजारी जाऊन बसतो. ते दंडवत म्हणतात, मीही म्हणतो. मला काय, मी सगळ्यांनाच म्हणतो. एकदा त्यांनी आपण होऊन विचारलं, “आत माझ्या नावाचे गहू अजून काढतात का हो?” मी हो म्हटलं. ते गहू पुढे कोण खातं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

यंदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुनीलचा फोन आला. धुळ्याच्या त्या वैद्याचा पत्ता हवा होता.